मशीनला मन नसतं म्हणे!

“परत तुझं ते टिंग-टुंग लावलंस का?” हे वाक्य आमच्या विंगमध्ये दिवसातून एकदा तरी ऐकू येतंच. टिंग-टुंग म्हणजे १९८० च्या दशकातलं ब्रिटिश सिंथ-पॉप आणि पोस्ट-पंक. आपण जन्मायच्या कितीतरी आधीची गाणी. आपल्या काही सरांच्या आणि मॅडमच्या कॉलेजच्या दिवसांतली म्हणा ना!

मी कॉन्व्हेंटची, म्हणून ‘हिला इंग्लिशच आवडणार’ असं सगळे धरून चालतात. पण कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला असेंब्लीतली प्रार्थनागीतं शिकवली, ड्रम मशीन नव्हे. हा नाद मी स्वतः लावून घेतलाय. आणि आवड ज्याची त्याची, त्याबद्दल माझं भांडण नाही. भांडण आहे ते दुसऱ्या वाक्याशी. “हे मशीनचं म्युझिक आहे गं, यात फीलिंग कुठंय?” आता हे म्हणतं कोण? तर चार वर्षं मशीनशीच संसार करायला निघालेली इंजिनिअरिंगची पोरं! डॉक्टरनंच म्हणावं की औषधात काही राम नाही, तशातली गत.

हे नुसतं विंगपुरतं असतं तर मी लेख लिहायच्या भानगडीत पडले नसते. पण आपल्या गॅदरिंगच्या वाद्यवादन स्पर्धेच्या नोटिशीत दरवर्षी एक ओळ असते, ‘इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी नाही’. गेल्या वर्षी फर्स्ट इयरच्या एका मुलाने मायक्रोकंट्रोलर, चार बटणं आणि एक जुना स्पीकर जोडून छोटं ड्रम मशीन बनवलं होतं. स्टेजवर ते हाताने वाजवणार होता. त्याला सांगितलं, हे टेक्निकल एक्झिबिशनला मांड. एक्झिबिशनवाले म्हणाले, हे तर म्युझिक आहे! बिचारा दोन्हीकडून गेला. इंजिनिअरिंग कॉलेजात हे व्हावं, यासारखा विनोद नाही.

अर्थात ही ओरड जुनीच आहे. १९८२ साली ब्रिटनमध्ये म्युझिशियन्स युनियनच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदी घालावी असा चक्क ठराव केला होता. पोटावर पाय येईल ही त्यांची भीती खोटी नव्हती. पण इतकं लांब कशाला जायचं? आपली पेटी घ्या. फ्रान्सहून आलेलं यंत्रच ते. तिच्यावर मींड निघत नाही, ती आपल्या संगीताची नाही, असं म्हणत ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती बंदी सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडलं. तोवर इकडे गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तीच पेटी मराठी रंगभूमीवर गाती केली होती. आज पेटीला ‘मशीन’ म्हणायची कुणाची हिंमत आहे? तेव्हा मशीनला मन असतं की नाही, हा प्रश्नच चुकीचा. मशीनपाशी बसलंय कोण, हे विचारायला हवं.

आता माझ्या लाडक्या गाण्यांकडे वळते.

पहिलं, ह्युमन लीगचं ‘डोन्ट यू वाँट मी’, १९८१ चं. हा बँड शेफिल्डचा. शेफिल्ड म्हणजे पोलादाचं गाव. त्या काळात तिकडचे कारखाने धडाधड बंद पडत होते आणि जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा ३० लाखांवर गेला होता. प्लेसमेंटच्या टेन्शनमध्ये असलेल्या आपल्या फायनल इयरवाल्यांना हे वातावरण वेगळं समजावून सांगायला नको. बँडचा गायक फिल ओकी याने सुझन सली आणि जोअॅन कॅथरॉल या दोन मुलींना १९८० साली एका नाइटक्लबात नाचताना पाहिलं आणि बँडमध्ये घेतलं. एक १७ वर्षांची, दुसरी १८ ची, दोघी शाळेत शिकणाऱ्या! गाण्यात एक पुरुष ऐट मारतो की, तू हॉटेलात वेटरचं काम करत होतीस, तुला घडवलं ते मी. मग दुसऱ्या कडव्यात ती बोलते. शांतपणे सांगते की तुझ्याशिवायही मी वर आलेच असते. बास! लेडीज हॉस्टेलमधून हे कडवं ऐकताना जे वाटतं ते मुलांच्या हॉस्टेलला कळायला थोडा वेळ लागेल. गंमत म्हणजे खुद्द ओकीला हे गाणं अल्बममधलं सगळ्यात कच्चं वाटत होतं. तेच ब्रिटनमध्ये त्या ख्रिसमसला पहिल्या नंबरावर गेलं. आणि यात ढोल बडवणारा कुणी नाही, वाजतंय ते लिन एलएम-१, खऱ्या ड्रमचे आवाज चिपमध्ये साठवून वाजवणारं पहिलं ड्रम मशीन. भावना आडवी आली का? नाही. उलट तो ठोका इतका निर्विकार आहे म्हणून त्या दोघांचं भांडण जास्त टोचतं.

दुसरं, न्यू ऑर्डरचं ‘ब्लू मंडे’, मार्च १९८३. साडेसात मिनिटांचं हे गाणं म्हणजे ईअँडटीसीवाल्यांची काशीच. सिक्वेन्सर बर्नार्ड समनरने किटचे सुटे भाग जोडून स्वतः बांधलेला. रेकॉर्डचं पाकीट सव्वापाच इंची फ्लॉपीसारखं. ते पीटर सॅव्हिलने केलं आणि त्यावर बँडचं नावसुद्धा सरळ न लिहिता रंगांच्या सांकेतिक पट्ट्यांत दिलं. सुरांचा क्रम जिलियन गिल्बर्टने कागदाला कागद चिकटवून हाताने लिहून काढला आणि मग मशीनमध्ये भरला. त्यात एक सूर भरायचा राहिला. त्यामुळे ती धून तालापासून किंचित सरकलेली ऐकू येते. नीट ऐका, ती ठोक्याच्या मागे-पुढे तरंगत राहते आणि गाण्याची खरी नशा त्यातच आहे. आता सांगा, मशीनने चूक केली का? मशीनने तर सांगितलं तेवढं तंतोतंत केलं. तो सरकलेला सूर माणसाच्या हातचा आहे आणि तो तसाच ठेवायचा हे ठरवलंही माणसांनीच. प्रॅक्टिकलला रीडिंग ग्राफवर बसलं नाही की आपण खोडरबर शोधतो. या लोकांनी ते रीडिंग जपलं.

या गाण्यामागे एक रिकामी जागा आहे, तिच्याबद्दल लिहिताना मात्र माझा हात जड होतो. न्यू ऑर्डर हा बँड उरलेल्यांचा आहे. त्याआधी ते जॉय डिव्हिजन होते आणि त्यांचा गायक होता इयन कर्टिस. नोकरी एम्प्लॉयमेंट ऑफिसात. अपंगांना काम मिळवून देण्याचं काम होतं त्याचं. त्याला स्वतःला अपस्माराचा त्रास सुरू झाला होता, औषधं चालू होती, संसारात ताण होता. १८ मे १९८० ला त्याने आयुष्य संपवलं. दुसऱ्या दिवशी बँड पहिल्या अमेरिका दौऱ्यावर निघायचा होता. वय फक्त २३. ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ त्याच वर्षीचं. त्यातही एक सिंथ आहे. एक साधी, वर चढून परत खाली येणारी धून. तिच्याखाली हा मुलगा थकलेल्या आवाजात स्वतःच्या घराबद्दल गातोय.

नंतर बँडच्या सोबत्यांनी मुलाखतींतून सांगितलं की त्याचे शब्द ते नीट ऐकतच नव्हते. रोज शेजारी उभं राहून वाजवत होते, पण त्याला वाटलं ते लिहिलं, गाणं छान झालंय, एवढंच त्यांना वाटायचं. मी त्यांना दोष देत नाही. विशी-बाविशीची पोरं ती, आपल्याएवढीच. पण हे वाचल्यापासून मी हॉस्टेलमध्ये वेगळ्या कानाने वावरते. ‘बोअर झालंय यार’, ‘काही अर्थ नाही’, ‘मी नसले तरी काय फरक पडणारे’ ही वाक्यं आपण मेसच्या रांगेत रोज ऐकतो आणि ‘सबमिशनचं टेन्शन’ म्हणून सोडून देतो. बहुतेक वेळा ते तेवढंच असतं. पण एखाद्या वेळी नसतं. तेव्हा थांबून “खरंच काय झालंय?” असं विचारायला काही लागत नाही. आणि आपल्याला झेपत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. तो रेक्टर मॅडमनी नोटीस बोर्डावर मेसच्या वेळापत्रकाशेजारी लावावा, ही जाता जाता विनंती.

मग गाण्यात फीलिंग नव्हतं की ऐकणाऱ्यांचं लक्ष नव्हतं?

तिसरं, ओएमडीचं ‘एनोला गे’, १९८० चं. हे आधी अर्थ न कळता ऐका. इतकी गोड, उड्या मारणारी चाल की गणपतीच्या मिरवणुकीतही खपून जाईल. आणि मग कळतं की ‘एनोला गे’ हे ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानाचं नाव. वैमानिक पॉल टिबेट्सने विमानाला स्वतःच्या आईचं नाव दिलं होतं! सकाळी सव्वाआठ वाजता बॉम्ब पडला. गोड चालीत हे भयंकर घालून गाणारा विचारतो की हे घडायलाच हवं होतं का? कृत्रिम, चकचकीत आवाज इथे मुद्दाम आहे. तो बॉम्बही असाच चकचकीत होता, नीट डिझाइन केलेला. तो बनवणारे कुठल्या ना कुठल्या वर्गातले टॉपरच असणार. आपल्या एथिक्सच्या पेपरात पाच मार्कांच्या उत्तरात जे मावत नाही ते या साडेतीन मिनिटांत मावलंय.

चौथ्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्यांना माहीत आहे. आ-हा या नॉर्वेच्या बँडचं ‘टेक ऑन मी’. केटीवाल्या मित्रमैत्रिणींसाठी एवढंच की हे गाणं ब्रिटनमध्ये तीनदा बाजारात आणावं लागलं. १९८४ साली आपटलं, मग नव्याने रेकॉर्ड केलं, पेन्सिलच्या चित्रांचा तो प्रसिद्ध व्हिडिओ केला आणि ऑक्टोबर १९८५ ला ते अमेरिकेत पहिल्या नंबरावर! त्यात वाजणारा यामाहाचा डीएक्स-७ ज्या तत्त्वावर चालतो ते फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन आपण कम्युनिकेशनच्या पेपरला घोकतो. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांना १९६७ साली दिसलं की त्याच गणितातून नवे सूरही निघतात. आपल्याला त्यातून फक्त मॉड्युलेशन इंडेक्स निघतो.

आणि ‘हे सगळं गोऱ्यांचं’ असं म्हणणाऱ्यांसाठी शेवटचं नाव राखून ठेवलंय. चरणजीत सिंग. मुंबईच्या सिनेसंगीतात साथ करणारे वादक. १९८२ साली त्यांनी रोलंडची तीन यंत्रं, टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि रेकॉर्ड काढली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली आणि जाणकार चक्रावले, कारण जे संगीत शिकागोत पुढे अॅसिड हाउस नावाने गाजलं त्याच्याशी या रेकॉर्डचं विलक्षण साम्य होतं, आणि ही आधीची होती! सिंग २०१५ मध्ये गेले. निदान म्हातारपणी त्यांना देशोदेशीचे श्रोते भेटले. पण मुंबईत केलेल्या कामाला दाद मिळायला २८ वर्षं लागली. आपल्या फर्स्ट इयरच्या मुलाला किती वर्षं थांबवायचं?

इथे कुणीतरी म्हणेल, आता तर एआयला दोन ओळी लिहून दिल्या की ते आख्खं गाणं काढून देतं. तेही स्टेजवर चालवायचं का? चांगला प्रश्न आहे, आणि माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण ते इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नव्हे. तिथे सूर कुणी निवडला, का निवडला, हे सांगायला स्पर्धक उरतच नाही. गिल्बर्टने प्रत्येक सूर कागदावर लिहिला होता. चरणजीत सिंगांना राग ठाऊक होते, मशीनला नव्हते. फरक तिथे आहे.

म्हणून कल्चरल कमिटीला माझी सूचना अशी की ती एक ओळ नोटिशीतून काढा आणि तिच्या जागी दुसरी लिहा. ‘वाद्य कोणतेही चालेल. स्पर्धकाने ते परीक्षकांसमोर स्वतः वाजवावे आणि विचारल्यास त्यातला प्रत्येक आवाज कसा काढला ते सांगावे.’ स्वतः बनवलेलं वाद्य असेल तर वेगळं बक्षीस ठेवा. त्याचा खर्च फार नाही. रोलिंग शील्ड करायला मेकॅनिकलचं वर्कशॉप आहेच.

कमिटीची पहिली मीटिंग दिवाळीच्या सुट्टीनंतर असते. त्याआधी कमिटीतल्या प्रत्येकाने हेडफोन लावून ‘ब्लू मंडे’ एकदा पूर्ण ऐकावं, साडेसात मिनिटं. मग मतदान घ्या. हरले तर हरले, पण ऐकून हरवा.