भ्रूणाची कणव आणि बाईचा जीव

पंचवटीतील आमच्या काही कार्यकर्त्यांनी एक वाद आमच्यापुढे आणला आहे. मुलींच्या घटत्या प्रमाणाविरुद्ध प्रभातफेरी काढावयाची म्हणून फलक रंगवणे चालू असता, ‘स्त्री-भ्रूणहत्या थांबवा’ या घोषणेस एका भगिनीने हरकत घेतली. ‘हत्या’ म्हटले की गर्भपात करवून घेणारी प्रत्येक बाई खुनी ठरते, असे तिचे म्हणणे. त्यावर एका जुन्या सोबत्याने विचारले, ‘मग गर्भातला जीव हा जीव नव्हे काय?’ बैठक तिथेच उठली. फलक अजून कोरे आहेत.

सोबत्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गर्भधारणेच्या क्षणापासून मानवी जीव पूर्ण प्रतिष्ठेचा अधिकारी असतो, अशी कॅथलिक चर्चची भूमिका आहे आणि वसई-गोव्यातील आमचे अनेक स्नेही ती श्रद्धेने मानतात. अहिंसेच्या वाटेने तिथवर पोहोचणारेही आहेत. या भूमिकेची राजकीय ताकद अमेरिकेत दिसली. ९ ऑगस्ट २००१ रोजी अध्यक्ष बुश यांनी जाहीर केले की, त्या दिवसापूर्वी तयार झालेल्या भ्रूणपेशींवरील संशोधनालाच सरकारी पैसा मिळेल. त्या मान्य पेशींच्या यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे नाव होते! वॉशिंग्टनमध्ये ज्यांच्या नीतिमत्तेवर रण माजले, त्यांपैकी काही पेशी मुंबईच्या प्रयोगशाळेत वाढत होत्या. आमच्या एखाद्या शाखेत त्यावर चर्चा झाल्याचे मात्र आम्हांस स्मरत नाही.

हे भ्रूण येतात कोठून? ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून नलिकाबालकाचा जन्म झाला, तेव्हा महापालिकेच्या रुग्णालयाने केलेल्या त्या कामाचा सर्वांनाच अभिमान वाटला. या उपचारात बऱ्याचदा गरजेपेक्षा अधिक भ्रूण तयार होतात. उरलेले द्रवरूप नत्रवायूत गोठवून ठेवतात. १९९८ साली विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी अशाच काही दिवसांच्या भ्रूणांतून मूलपेशी वेगळ्या केल्या. शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी बनण्याची क्षमता त्यांच्यात असते, म्हणून आशा मोठी. पण त्या काढून घेतल्या की भ्रूण संपतो, म्हणून आक्षेपही मोठा. पुढे जपानच्या यामानाका यांनी त्वचेच्या पेशींपासून तशाच पेशी घडवून दाखवल्या. त्यामुळे वादाची धार बोथट झाली, वाद मिटला नाही.

आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. पाच-सहा दिवसांचा, मज्जातंतूंचा मागमूस नसलेला पेशींचा गोळा आणि हाडामांसाची बाई यांना एकाच तागडीत घालणे आम्हांस मान्य नाही. चौदा दिवसांपलीकडे भ्रूण प्रयोगशाळेत वाढवू नये, ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मर्यादा आम्हांस योग्य वाटते. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्यानुसार दहा वर्षांनंतर साठवलेले भ्रूण नष्ट होऊ द्यावयाचे किंवा दांपत्याच्या संमतीने संशोधनास द्यावयाचे. जे नष्टच व्हावयाचे, ते ज्ञानाच्या कामी आले तर त्यात आम्हांस पाप दिसत नाही. यावर जीवरक्षणवादी म्हणतात, मुळात जादा भ्रूण निर्माणच का करता? आमच्यापाशी याचे समाधानकारक उत्तर नाही, हे कबूल केले पाहिजे. मानवी देहाचा कच्चा माल होऊ नये, हे तर समाजवाद्यांचेच म्हणणे! फरक इतकाच की, त्यांची नजर भ्रूणावर थांबते आणि आमची बीज देणाऱ्या बाईपर्यंत जावयास हवी. बीजदात्या बाईने आयुष्यात एकदाच बीज द्यावे, सातांहून अधिक बीजे काढू नयेत आणि मोबदला घेऊ नये, असे हाच कायदा सांगतो. तेवीस ते पस्तीस वयाची गरजू बाई संप्रेरकांची इंजेक्शने निव्वळ परोपकारासाठी टोचून घेईल, यावर विश्वास ठेवण्यास फार भाबडे मन लागते.

महाराष्ट्राला बाईच्या गर्भाशयावर हुकूमत गाजवण्याची जुनी खोड आहे. १९७६ साली, आणीबाणीत आमचे साथी नाशिकरोडच्या तुरुंगात असताना, याच राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते बारगळले. २०१९ साली बीड जिल्ह्यात शासकीय समितीने पाहणी केली तेव्हा ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिकांची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा पडू नये म्हणून! भ्रूणासाठी गहिवरणारे किती जण तेव्हा बोलले? आणि पंचवटीत तर हा प्रश्न अधिकच बोचतो. २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या दाराशी जन्मलेल्या, वाढलेल्या, हाडामांसाच्या माणसांना अडवून धरणारे लोकही जीवमात्रात ईश्वर पाहत होतेच.

आता फलकाविषयी. १९७१ चा गर्भपाताचा कायदा ज्यांच्या अहवालातून आला, ते शांतिलाल शाह महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, हे त्या कायद्याचे एक मोठे कारण. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातील पहिला कायदाही १९८८ साली महाराष्ट्राने केला, तो स्त्री-संघटनांच्या लढ्यामुळे. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ अशी घसरत गेली. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळला १९ भ्रूण सापडले, ते एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर. तिथला गुन्हा मुलगी म्हणून नाकारण्याचा होता, आणि त्यात एक बाई जिवानिशी गेली. तिची आठवण ‘भ्रूणहत्या’ या शब्दात कोठेच उरत नाही. उलट त्या शब्दाच्या धाकाने औषधविक्रेते गर्भपाताच्या गोळ्या ठेवीनासे होतात, डॉक्टर कायद्यात बसणारी बाईही परत पाठवतात, आणि ती भोंदूकडे जाते.

म्हणून त्या भगिनीची हरकत आम्हांस मान्य आहे. फलकावर ‘गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे, गर्भपात हा कायदेशीर उपचार आहे’ असे लिहावे. प्रभातफेरी संपल्यावर चार जणांनी शहरातील वंध्यत्व उपचार केंद्रांत जाऊन एवढेच विचारावे, की भ्रूण साठवण्याचे आणि संशोधनास देण्याचे संमतीपत्र मराठीत आहे काय, आणि सही करण्यापूर्वी ते बाईला वाचून दाखवतात काय. जुन्या सोबत्यालाही बरोबर न्यावे.