‘इम्युनिटी वाढवा’ म्हणजे नेमके काय वाढवा?

औषधांच्या दुकानात हल्ली सर्वांत पुढे काय मांडलेले असते? इम्युनिटी बूस्टर. काढे, गोळ्या, सिरप, मुलांसाठी गमीज. सगळ्यांवर दावा एकच: प्रतिकारशक्ती वाढवा. पण वाढवायचे म्हणजे नेमके काय, हे एकाही डब्यावर लिहिलेले नसते.

प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतले पाणी नव्हे, की पातळी उतरली आणि वरून भरले. बोटात काटा रुतला की तिथल्या पेशी केमोकाइन नावाची छोटी प्रथिने सोडतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर ही प्रथिने ओळखणारे रिसेप्टर असतात. इशारा मिळताच पांढरी पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते, भिंतीतून बाहेर पडते आणि जिकडे केमोकाइन जास्त, तिकडे सरकत जाते. म्हणूनच पू त्याच बोटात होतो, शेजारच्या बोटात नाही.

म्हणजे पेशी किती आहेत एवढ्याने भागत नाही, त्या योग्य ठिकाणी पोहोचतात का, हेही तितकेच महत्त्वाचे. ‘व्हिम सिंड्रोम’ या दुर्मिळ जनुकीय आजारात सीएक्ससीआर४ हा रिसेप्टर वेळेवर बंदच होत नाही. पांढऱ्या पेशी तयार होतात, पण अस्थिमज्जेतच अडकून पडतात. कारखाना भरलेला, रक्त रिकामे आणि रुग्णाला वारंवार जंतुसंसर्ग! यावर 2024 मध्ये अमेरिकेत मान्य झालेले मॅव्होरिक्साफोर हे औषध ‘बूस्टर’ नव्हे, ते हा रिसेप्टर अडवते.

याउलट ऱ्हुमॅटॉइड संधिवातात याच पेशी केमोकाइनच्या मागे सांध्यांत शिरतात आणि सांधे झिजवतात. अशा रुग्णाने बूस्टर घेऊन काय वाढवायचे? सांधेदुखी?

“घेतले तर तोटा काय?” हा नेहमीचा प्रश्न. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तो खरा धरला, तरी प्रश्न उरतोच: चूर्णात कोणती वनस्पती आहे हे तपासायचे कोणी? घरी चमच्याने घेणाऱ्या माणसाने?

आणखी एक तोटा दिसत नाही. अनियंत्रित मधुमेहात पांढऱ्या पेशींची ही धाव मंदावते. साखर तपासायची नाही, पायाची जखम डॉक्टरांना दाखवायची नाही आणि काढा मात्र नियमित. यात जो वेळ जातो, तो कोणताही डबा परत देत नाही.

प्रतिकारशक्तीला खरोखर शिकवणारी गोष्ट आहे लस. दंडावर लस टोचली की तिथल्या काही पेशी जंतूची ओळख घेऊन, सीसीआर७ या रिसेप्टरच्या मदतीने, काखेतल्या लसिका ग्रंथीत पोहोचतात. काहींना तिथे अवधाण येते ते यामुळेच.

तेव्हा वारंवार ताप, न भरणाऱ्या जखमा, सतत गळवे असा त्रास असेल, तर बूस्टर घेऊ नका. रक्ताची तपासणी करा, साखर बघा, तंबाखू सोडा, राहिलेल्या लसी घ्या. आणि कोणी डबा पुढे केलाच, तर विचारा: यातून नेमके काय वाढते आणि ते मोजायचे कसे?