जॉबकार्डावरचा 'नॉईज'

मराठीतील अनुकरणवाचक शब्दांच्या श्रीमंतीचा खरा कस गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये लागतो. स्टॅबिलायझरची लिंक सैल झाली की गाडी खराब रस्त्यावर खडखडते. व्हील बेअरिंग झिजले की वेगाबरोबर घरघर वाढते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना टकटक झाली तर संशय सीव्ही जॉइंटवर. ध्वनीचे नेमके नाव हेच अर्धे निदान असते.

आमच्या गाडीची खडखड तीन खेपांनंतरही गेलेली नाही. 'खड्ड्यात, पुढच्या डाव्या चाकाशी खडखडते' असे सांगितले होते. जॉबकार्डावर उमटले, 'नॉईज'. परत देताना शेरा, 'नॉर्मल'. (गाडी मात्र धुऊन लख्ख!) ऐकून घेणारा सल्लागार अलीकडे, दुरुस्ती करणारा मेकॅनिक काचेपलीकडे, या दोघांच्या मध्ये कुठेतरी क्रियापद गळून पडते. रस्त्याकडेचा मिस्त्री निदान शेजारी बसतो, गाडी चालवायला लावतो आणि कान देतो.

म्हणून जॉबकार्डावर सही करण्यापूर्वी आपला शब्द आपल्याच भाषेत त्यावर लिहून घ्यावा, मेकॅनिकसह एक फेरी मागावी, असा माझा आग्रह आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीची तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करता येते. तेथे हेच कागद पुढे ठेवावे लागतात, आणि नुसत्या 'नॉईज'वरून कोणती खडखड राहून गेली हे आयोगाला तरी कसे कळावे?