जुन्या लाभांशाचा हिशेब



या सदरात एरवी बी-बियाणे आणि खतांचे लिहितो. आज शेअरच्या लाभांशाचे लिहायचे आहे, कारण त्याच्या चुकीच्या अंदाजावरून माझ्या ओळखीच्या एका घरात दोन भावांचे बोलणे बंद झाले होते.

घर वणी तालुक्यातले. वडिलांनी २०१० साली कोल इंडियाचे ५० शेअर घेतले. नागपूरची वेस्टर्न कोलफील्ड्स ही तिचीच उपकंपनी, त्यामुळे नाव माहीतच. भाव २४५ रुपये होता. लहान गुंतवणूकदाराला सूट मिळून तो २३२ रुपये ७५ पैशांना पडला. एकूण ११,६३७ रुपये ५० पैसे गुंतले. २०१९ च्या जूनमध्ये वडील वारले आणि त्यांचे बँकखाते बंद झाले. बँकेची कामे धाकटा पाहत असे.

थोरल्याने कुठेतरी २९ रुपये लाभांश वाचला आणि मांडले : २९ गुणिले ५० शेअर, गुणिले १४ वर्षे, म्हणजे २०,३०० रुपये. पासबुकात मात्र ७,७२५. "साहेब, बाकीचे गेले कुठे?" त्याने मला विचारले. धाकटा मान खाली घालून बसला होता.

मी म्हटले, "दादा, ज्या साली कपाशी सगळ्यात जास्त उतरली, तोच उतारा धरून चौदा वर्षांचा हिशेब कराल का?"

लाभांशाचेही तसेच. २९ रुपये एकाच सालचे, २०१३-१४ चे. तेव्हा ९० टक्के शेअर सरकारचे होते, म्हणजे मोठा वाटा तिजोरीतच गेला. २०१०-११ ला एका शेअरमागे ३ रुपये ९० पैसे, मग १० आणि १४. २९ नंतर २०.७०, २७.४०, १९.९०, १६.५० आणि २०१८-१९ ला १३.१०. ही बेरीज १५४ रुपये ५० पैसे. पन्नासने गुणा : ७,७२५. पासबुकाशी पैसा न् पैसा जुळला.

थोरला बराच वेळ कागदाकडेच पाहत राहिला.

पुढची पाच वर्षे १२, १६, १७, २४.२५ आणि २५.५० रुपये. म्हणजे २०२३-२४ पर्यंतचे आणखी ४,७३७ रुपये ५० पैसे. ते धाकट्याने घेतले नव्हते. खाते बंद, म्हणून कुणाच्याच हाती पडले नव्हते.

असा हिशेब करताना दोन जागी पाय घसरतो. "२९० टक्के लाभांश" असे छापून आले, तर ते टक्के १० रुपयांच्या दर्शनी किमतीवर असतात, बाजारभावावर नव्हे. २०२० साली याच शेअरचा भाव १५० च्या खाली होता, पण लाभांश काही त्यावरून मोजला नाही. दुसरे, शेअरची संख्या. कोल इंडियाचे ५० ते २०२४ पर्यंत ५०च राहिले. पण ओएनजीसीचे २०११ च्या आधी घेतलेले ५० असतील, तर त्या साली विभाजन आणि बोनस मिळून २०० झाले, २०१६ च्या बोनसने ३००. तिथे जुन्या संख्येने गुणले तर घरचेच नुकसान.

लाभांश सात वर्षे कुणी मागितला नाही, तर तो गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जमा होतो. तिथूनही वारसाला मागता येतो, पण कागदांची ये-जा वाढते. या घराचे मार्च २०२० चे ६०० रुपये २०२७ मध्ये त्या वाटेला लागायचे. म्हणून आधी शेअर वारसाच्या डीमॅट खात्यात आणायचे, त्याला चालू बँकखाते जोडायचे, मग थकलेल्या लाभांशासाठी कंपनीच्या निबंधकाकडे अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला लागतोच.

नामनिर्देशन आईच्या नावे आहे. पॅन कार्डावर आणि आधारवर तिच्या नावाची अक्षरे वेगळी निघाली. ती दुरुस्त करायला दोघे भाऊ तिला घेऊन सोमवारी वणीला गेले.