इंजिनाची दुरुस्ती मापानेच व्हावी

पारनेरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात कांद्याच्या हंगामात मालमोटार अडली की भरलेला माल सडतो व भाव हातचा जातो. म्हणूनच इंजिन उघडल्यावर घाई होते. झिजलेल्या सिलिंडरात केवळ नव्या रिंगा घालणे ही काटकसर नव्हे. झीज आधी मोजलीच पाहिजे. जोडणीपूर्वी तेलमार्ग धुवावेत, कारण राहिलेली धूळ बेअरिंग खाते. हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने व ठरलेल्या ताणानेच आवळावेत. जादा शक्तीच्या मोहाने पंपातून डिझेलची मात्रा वाढविल्यास काळा धूर येतो, उष्णता वाढते व पिस्टनही वितळू शकतो. दुरुस्तीनंतर प्रारंभी भार हलका ठेवावा. कारागिराकडून सर्व मापे कागदावर लिहून घ्यावीत, हे ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस पटवून देणे अगत्याचे आहे.