घराच्या माथी मारलेली शुश्रूषा

वसई-विरारमध्ये आत्महत्येची बातमी आली, की पाठोपाठ निदान तयार असते: एकत्र कुटुंब मोडले, माणसे एकटी पडली, घरात ऐकून घेणारे कुणी उरले नाही. व्याख्यानमालांतून, प्रवचनांतून, वर्तमानपत्री सदरांतून हे इतक्या वेळा सांगितले गेले आहे, की त्याला पुरावा मागावा असे कुणाच्या मनातही येत नाही. या मताला आधारच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या 22,746 महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. कारणांच्या यादीत 31.7 टक्के वाटा घेऊन ‘कौटुंबिक समस्या’ सर्वांत वर आहे. शिवाय आग्रा आणि चंदीगडच्या रुग्णांना सामील करून जागतिक आरोग्य संघटनेने जे अभ्यास केले, त्यांत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण श्रीमंत देशांपेक्षा विकसनशील देशांत अधिक सावरताना दिसले, आणि त्याचे श्रेय अनेकांनी कुटुंबाला दिले. इथवर मान्य. पण यातून पुढे जो निष्कर्ष काढला जातो, की संस्कार जपा, घर जोडा, बाकीचे घर बघून घेईल, तो मला चुकीचाच नव्हे तर घातक वाटतो. ज्या घराने सगळे बघून घ्यावे म्हणतात, ते घर कशाच्या जोरावर उभे आहे, हे त्यात कुणी विचारत नाही.

आधी अहवालातल्या कारणांच्या त्या रकान्याकडे पाहू. मृत्यूचे कारण पोलीस नोंदवतात, तेही घाईत, शोकात बुडालेल्या नातेवाइकांच्या तोंडून ऐकून. ‘कौटुंबिक समस्या’ या दोन शब्दांतून भांडण कुठे पेटले तेवढे कळते. ते कशामुळे पेटले ते कळत नाही. पगार थांबला, भाडे थकले, नवरा दारूला लागला, मुलाच्या गोळ्या संपल्या, यांतले काहीही त्या रकान्यात मावते. त्याच अहवालानुसार मृतांपैकी 64.3 टक्के माणसांचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत होते. गरिबांची संख्याच मोठी असल्याने एवढ्या आकड्यावरून गरिबी हे कारण सिद्ध होत नाही, हे खरे. पण इंडोनेशियाचा दाखला याच्या पुढे जातो. तिथे गरीब कुटुंबांना सरकारी रोख मदत सुरू झाली आणि ती जिथे पोहोचली तिथे आत्महत्या सुमारे 18 टक्क्यांनी घटल्या, असे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. तिथल्या कुटुंबांना कुणी संस्कार शिकवले नव्हते. हातात पैसे आले होते.

आता वसई-विरारचे घर पाहा. 3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली, आणि 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात गेली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून ही माणसे इथे आली. ती आत्मकेंद्री झाली म्हणून नात्यागोत्यातून उठून आली, हे म्हणणे अन्यायाचे आहे. जुन्या काळी सगळेच एकत्र कुटुंबात राहत होते, या समजालाही समाजशास्त्रज्ञ ए. एम. शहा यांनी 1973 सालीच आपल्या ग्रंथात धक्का दिला होता. आणि इथे आल्यावरही घर टिकतेच असे नाही. याच महापालिकेतल्या नालासोपारा पूर्वेत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर 41 बेकायदा इमारती उभ्या राहिल्या, आणि न्यायालयाच्या आदेशानुसार 2025 च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. कायद्याने पाहता इमारती पडायलाच हव्या होत्या. पण त्या उभ्या राहत असताना डोळे मिटून बसलेल्या यंत्रणेची किंमत खोली घेणाऱ्यांनी मोजली. कुटुंब मोडण्याची चर्चा करणाऱ्यांनी हे मोडणेही हिशेबात धरावे.

आणि ‘घर बघून घेईल’ म्हणजे नेमके कोण बघून घेईल? वेळेच्या वापराच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवते आणि पुरुष 97 मिनिटे. घरात भ्रम होणारा मुलगा किंवा नैराश्याने अंथरूण धरलेली सासू असेल, तर गोळ्या वेळेवर देणे, रात्री जागणे, दाराची कडी तपासणे, शेजाऱ्यांना उत्तरे देणे हे सारे त्याच बाईच्या वाट्याला येते. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात विरारहून रुग्णाला न्यायचे तर गर्दीच्या लोकलने दादर, तिथून गाडी बदलून ठाणे, नाहीतर घोडबंदर रस्त्याची कोंडी. एका तपासणीत तिचा दिवस जातो, आणि ती रोजंदारीवर असेल तर त्या दिवसाची मजुरीही.

कुटुंबाचे मोल मला कमी करायचे नाही. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णांसोबत राहू दिले आणि त्यांना आजार समजावून सांगितला. भारतीय मनोपचारातले ते मोठे पाऊल होते. पण त्या तंबूंच्या मागे रुग्णालय उभे होते, डॉक्टर रोज भेटत होते. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की सतत टोचून बोलणाऱ्या, चिडलेल्या घरात परतलेल्या रुग्णांचा आजार अधिक उलटतो. चंदीगडच्या कुटुंबांत असे टोचणे लंडनपेक्षा कमी आढळले, याचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र थकलेल्या, न झोपलेल्या माणसाच्या तोंडी गोड शब्द कुठवर टिकतील? घराची ऊब घरातल्यांच्या थकव्यावर अवलंबून असते, आणि तो थकवा कमी करणे धोरणाच्या हातात आहे.

आपला कायदा याबाबतीत आपल्या भाषणांपेक्षा पुढे आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 च्या कलम 18 मध्ये रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या किंवा घरपोच पुनर्वसनाच्या सेवा पुरवणे सरकारवर बंधनकारक केले आहे; कलम 19 समाजात राहण्याचा हक्क देते. अंमलबजावणीत कुटुंब मात्र गळून पडते. मानसिक आजाराचे अपंगत्व प्रमाणपत्र देताना जी मोजपट्टी लावतात, तिच्यात चार गोष्टी तपासतात: स्वतःची निगा, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, त्यात आजाराच्या कालावधीचे गुण. रुग्णाला आंघोळ कोण घालते, त्यासाठी कुणी नोकरी सोडली, हे लिहायला त्या कागदावर जागा नाही.

यावर एक आक्षेप असा, की घरात समाजकार्यकर्ता पाठवणे म्हणजे सरकारने खासगी आयुष्यात नाक खुपसणे. भीती अनाठायी नाही, म्हणून भेट संमतीनेच व्हावी. पण उंबऱ्याआडच्या खासगीपणाची दुसरी बाजूही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या सुमारे एकचतुर्थांश विवाहित स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. अशा घरातल्या खचलेल्या बाईला ‘घर जोडा’ म्हणणे म्हणजे तिला पुन्हा मारणाऱ्याच्या हवाली करणे. कायद्याने रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः निवडू दिला आहे, तो नातेवाईकच असावा अशी अट न घालता, ते याचसाठी.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि माणसांचा. मनोविकारतज्ज्ञ तोकडे आहेत, हे कबूल. पण घरभेटीला तज्ज्ञच लागतो असे नाही. साताऱ्यात, गोव्यात आणि तामिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या 282 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन काम केले. नुसती दवाखान्यातली सेवा मिळालेल्यांपेक्षा या रुग्णांची लक्षणे आणि अक्षमता वर्षभरात अधिक कमी झाली. 2014 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. फरक माफक होता, हेही सांगितले पाहिजे. घरभेटीने आजार पळून जात नाही. पण ज्या सेवेसाठी ना इमारत लागते ना महागडे यंत्र, तिच्याकडून एवढा फरक पडत असेल तर खर्चाची सबब लंगडी पडते. समाजकार्याचे पदवीधर तर मुंबईतच घडतात: 1936 साली सुरू झालेली टाटा समाजविज्ञान संस्था देवनारला आहे, चर्चगेटजवळ निर्मला निकेतन आहे.

वसई-विरार महापालिकेच्या नऊ प्रभाग समित्या आहेत. प्रत्येकीच्या आरोग्य केंद्रात एक मनोसामाजिक कार्यकर्ता नेमावा, कायम पगारावर, कंत्राटावर नव्हे. कारण ज्याची नोकरी अकरा महिन्यांनी संपते, त्याला कुणी मनातले सांगत नाही. पहिल्या वर्षी मागणी एवढीच: ठाण्याहून घरी परतलेल्या रुग्णाकडे, त्याची संमती घेऊन, आठवड्याच्या आत जावे, प्रमाणपत्राची आणि अनुदानाची कागदपत्रे केंद्रातच भरून घ्यावीत, गोळ्या प्रभागातच मिळाव्यात. आणि त्याच भेटीत, रुग्णाशी बोलून झाल्यावर, त्याला सांभाळणाऱ्या बाईला वेगळे बसवून तिची झोप, तिचा रक्तदाब आणि तिची बुडालेली मजुरी यांचीही नोंद करावी.