नाताळच्या सुटींतील धुंधुरमास

नाताळची सुटी जवळ आली कीं ती कोठें घालवावी हा प्रश्न घरोघर निघतो. महाबळेश्वर, गोवा, कोंकण अशीं नांवें घेतलीं जातात आणि ज्यांना जाणें जमत नाहीं त्यांना आपली सुटी फुकट गेली असें वाटूं लागतें. ही समजूत आम्हांस पटत नाहीं. हिंवाळ्याचीं सुखें लहान असतात, स्वस्त असतात, आणि बहुतेक दारापर्यंत चालत येतात. मात्र तीं फार दिवस थांबत नाहींत. हुरड्याचें कणीस थोडें जून झालें कीं त्याची गोडी गेलीच. कोवळें ऊन तर घटकाभरांत अंगणांतून निघून जातें.

यांतील एका सुखाकडे आज आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. सूर्य धनु राशींत असतो तो काळ, म्हणजे सुमारें १६ डिसेंबर ते १४ जानेवारी, हा आपला धुंधुरमास. नाताळची सुटी नेमकी त्याच्या पोटांत येते. एरवीं पहांटेच्या पंगतीचें कोणी नांव काढलें तर आपण हंसूं; परंतु या महिन्यांत उगवत्या सूर्यनारायणाला नैवेद्य दाखवून जेवावें असा जुना प्रघात आहे. मुगाच्या डाळीची ऊन खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, वांग्याचें भरीत आणि गूळ, एवढाच बेत. डिसेंबरच्या अखेरीस पुण्याकडे रात्र जवळजवळ तेरा तासांची असते. इतक्या लांब रात्रीनंतर, थंडींत, उष्ण आणि स्निग्ध अन्न किती गोड लागतें हें ज्यानें खाल्लें त्यालाच ठाऊक.

पण आज या पंगतीचें मोल अन्नापेक्षां एकत्र बसण्यांत अधिक आहे. मुलांचे क्लास, वडीलधाऱ्यांच्या कचेऱ्या, प्रत्येकाची जेवणाची वेळ निराळी, आणि ताटाशेजारीं फोन. एका छपराखालचीं चार माणसें आठवडा आठवडा एका पंगतीस बसत नाहींत. सुटीची एक पहांट तरी त्यांना एकत्र आणूं शकेल.

येथें एक आक्षेप आम्हांस दिसतो, आणि तो खरा आहे. सुटी साऱ्यांची, स्वयंपाकघराला मात्र ती नसते. गारठ्यांत सर्वांआधीं उठून जी भाकऱ्या थापी, तिच्या वांट्याला बहुधा निवलेली भाकरीच येई. तिनें हा सोहळा नको म्हटलें तर तिला दोष देणें अन्यायाचें होईल. म्हणून धुंधुरमास करावयाचा तर तो वांटून करावा. वांगीं आदल्या रात्रीं भाजून ठेवतां येतात. तें काम पुरुषांनीं घ्यावें. मुलांनीं ताक घुसळावें, पानें मांडावीं. खिचडी एकानें टाकावी, भाकरी दुसऱ्यानें भाजावी. पहिली ऊन भाकरी गृहिणीच्या ताटांत पडावी. पुण्यांत या दिवसांत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. साडेपांचला सर्वजण उठले तरी पुरे.

ज्यांच्या सणामुळें ही सुटी मिळते त्यांचेंही स्मरण असावें. ‘नाताळ’ हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. गोव्यांतील ख्रिस्ती घरांतून या सणाला नेवऱ्या होतात, म्हणजे आपल्या करंज्याच. त्यांचें ताट शेजारच्या हिंदु घरीं जातें, आणि चतुर्थीला हिंदु घरचें ताट त्यांच्याकडे येतें. आपल्या शेजारीं असें एखादें कुटुंब असेल तर आपल्या पंगतींत त्यांचींही पानें मांडावीं.

सुटी चार दिवसांची असो वा आठ, तींतील एक पहांट राखून ठेवणें कोणासही जड नाहीं. ती कोणती हें आजच घरांत सर्वांनीं बसून ठरवावें, आणि कोणाकडे कोणतें काम हेंही त्याच वेळीं.